कपाटाच्या दारावरची रिकामी जागा

अन्याय माझ्या लेकीवर झाला. वय सहा, इयत्ता पहिली, नांदेड सोडून लातूरला राहायला येऊन पुरता महिनाही झालेला नव्हता. दिवस जुलैतला दुसरा बुधवार. वेळ सकाळी साडेदहा ते दुपारी बारा पंचवीस. जागा शाळेच्या बंद गेटबाहेरची पायरी.

हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण पुढं मी माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल बरंच लिहिणार आहे. एकाची चूक सापडली की दुसऱ्याची माफ करून टाकायची आपल्याकडं सवय आहे. माझी चूक मोठी होती. त्यानं शाळेची लहान होत नाही.

त्या बुधवारी पाण्याचा टँकर आला नाही. शाळेची टाकी कोरडी, संडासात पाणी नाही, म्हणून मुख्याध्यापिकांनी साडेदहालाच शाळा सोडली. त्याला माझी हरकत नाही. पण लेकरं सोडली ती कुणाच्या हाती? वर्गाच्या बाईंना वाटलं, ही रिक्षाच्या पोरांबरोबर गेली. वॉचमनला वाटलं, हिची आई येतच असेल. बाई घरी गेल्या. वॉचमन गेटला कुलूप लावून टँकर कुठं अडकला ते बघायला गेला.

मी नेहमीच्या वेळेला पोचले. एका डीटीपीच्या दुकानात सकाळपाळीत काम करते, बियाण्याच्या जाहिराती आणि वाढदिवसाचे फ्लेक्स कॉम्प्युटरवर जुळवते. त्या दिवशी सकाळी सातपासून फोन माझ्या हाताशी होता. एकदाही वाजला नाही.

लेक पायरीवर बसली होती. दप्तर मांडीवर घट्ट धरलेलं. मला बघून उठली नाही.

"आई, मी रडले नाही," ती म्हणाली. "फक्त शू झाली."

फ्रॉक मागून ओला होता, म्हणून ती उठत नव्हती. तिला कडेवर घेतलं तर आणखी एक गोष्ट सांगितली. "समोरून एक आजी बोलवत होती. ये म्हणत होती. मी गेले नाही. तू सांगितलंयस ना, ओळख नसली तर जायचं नाही."

"शाब्बास," मी म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढं फार महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात. क्लार्कनं चहाचा कप बाजूला ठेवून रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. "मेसेज गेलाय मॅडम. फोनबी लावला वॉचमननं, तीनदा. उचलला न्हाई पालकांनी."

बोट माझ्या नवऱ्याच्या नंबरवर होतं.

माझा नवरा डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे. मिल चालू असताना शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी ऐकू येत नाही, खिशातला फोन काय ऐकू येणार. तीन मिस्ड कॉल त्यानं एक वाजता पाहिले.

"मग मला का नाही केला?" मी विचारलं. "मी पालक नाही का?"

"रकाना एकच हाय मॅडम. पालकाचा मोबाईल."

"मग त्यात वडलांचाच का?"

क्लार्कनं माझ्याकडं पाहिलं. वाईट माणूस नव्हता. हळूच म्हणाला, "तुम्हीच सांगितला की हो. मी विचारलो, मिस्टरांचा नंबर सांगा. तुम्ही सांगितलाव."

खरं होतं. ॲडमिशनच्या दिवशी मीच सांगितला होता. नांदेडला कॉलेजात असताना मी चार वर्षं विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिली आहेत. हॉस्टेलच्या जेवणावर, मुलींच्या बसपासवर, मुलींच्या हॉस्टेलला संध्याकाळी लागणाऱ्या कुलपावर. बायकांना माणूस म्हणून मोजा, हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. आणि खिडकीपलीकडून एक माणूस सवयीनं म्हणाला, मिस्टरांचा नंबर, आणि मी सवयीनं दहा आकडे बोलून मोकळी झाले.

"आता माझा लिहा," मी म्हणाले.

"खोडता येत न्हाई. वरून तपासणीला येतेत. अर्ज द्या, बघू."

त्या आठवड्यात लेक रोज सकाळी बूट घालताना एकच प्रश्न विचारायची. "आज शाळा लवकर सुटली तर?" मी म्हणायची, मी येईन. ती म्हणायची, "पण तुला कळणार कसं?"

सहा वर्षांची पोर. तिला जे कळत होतं ते शाळेला कळत नव्हतं. पुढं जे काही केलं ते सगळं त्या एका प्रश्नाला उत्तर देण्यासाठी केलं, चुकलं तेसुद्धा.

*

बाकीच्या लेकरांचं त्या दिवशी काय झालं, हे विचारायला मी गेटवरच्या आयांकडं गेले. तोपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नव्हते. खरंच नव्हते. तीन आठवडे मी रोज तिथं उभी राहत होते, पण जरा बाजूला, लिंबाच्या झाडाखाली, फोनमध्ये डोकं घालून. त्या घोळक्यानं उभ्या असायच्या. एकमेकींना नावानं हाक मारत नसत. एक मुरूडची, तिची लाल स्कूटी. एक धर्माबादची, बोलताना मध्येच तेलुगू शब्द टाकणारी. लेकरांच्या नावानं किंवा गावाच्या नावानं हाका. मला ते आवडायचं नाही. बाईला स्वतःचं नाव नसावं का, असं मनात म्हणायचे आणि स्वतःचं नाव सांगायला मात्र जायचे नाही.

"बुधवारी तुमची लेकरं घरी कशी गेली?" मी विचारलं.

"आणलो की," मुरूडची म्हणाली.

"शाळा सुटली हे कळलं कसं?"

"कळलं." दोघीतिघींनी एकमेकींकडं पाहिलं. "फोन आलता."

एवढंच. मी निष्कर्ष काढला. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. म्हणजे शाळेनं यांना फोन केले. जुन्या, ओळखीच्या, इथल्या लोकांना. आणि बाहेरगावहून आलेल्या माझ्या लेकीला पायरीवर सोडलं.

त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा मोठ्या अक्षरात: "बाहेरगावच्या लेकरांना वेगळा न्याय का?" खाली सहा मुद्दे. चौथा मुद्दा मला सगळ्यात जोरदार वाटला होता. तो असा: "मुलगी एकटी आहे हे पाहून समोरून एक अनोळखी बाई तिला बोलावत होती. मुलीनं शहाणपण दाखवलं म्हणून अनर्थ टळला. मुलगी गेली असती तर जबाबदार कोण?"

नवऱ्यानं वाचलं. "ही बाई कोण होती, विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात?"

"तसं नाही. समोर म्हणजे कुठं समोर?"

"तू आधी फोन उचलायला शीक," मी म्हणाले. त्याचं बरोबर होतं हे मी त्याला नंतर सांगितलं, पण जरा उशिरानं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून सुटले आणि झेरॉक्स काढायला शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. आमच्या दुकानात झेरॉक्स मशीन नाही, आणि दुसरीकडं जायला वेळ नव्हता. दुकानात एक म्हातारी बसलेली असे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, काउंटरवर वह्या, पेन्सिली आणि गोळ्यांच्या बरण्या. तिनं माझा कागद घेतला, चष्मा लावला आणि मशीनवर ठेवायच्या आधी वाचला. सगळा वाचला. वेळ लावून.

"किती काढू?"

"पन्नास."

मशीन चालू झालं. ती कागद मोजत मोजत म्हणाली, "लेकरू बरं हाय का आता?"

मला वाटलं, वाचून विचारतेय. मी म्हणाले, "त्यात लिहिलंय सगळं."

"हाव," म्हातारी म्हणाली. "लिवलंय खरं."

आणि पन्नास कागद नीट ठोकून, कडा सरळ करून माझ्या हातात दिले.

*

गेटवर मी पत्रकं वाटली. नांदेडला पत्रक वाटलं की माणसं थांबतात, वाचतात, वाद घालतात, कधी फाडतात. फाडलं तरी मला चालतं, फाडणाऱ्यानं वाचलेलं असतं. इथं काय झालं? आयांनी कागद घेतला, वाचला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला. धर्माबादच्या बाईनं तर वाचून परत माझ्या हातात दिला. तिनं आपल्या पोराला दुसऱ्या बाजूनं नेलं.

पुढचे दोन दिवस मी लिंबाखाली उभी राहिले की घोळका दोन पावलं लांब सरकायचा. मला राग आला. घाबरट आहेत, शाळेला भितात, असं मी नवऱ्याला सांगितलं. माझ्या रागाचं मला तेव्हा कौतुकच होतं.

तिसऱ्या दिवशी मुरूडच्या बाईनं लाल स्कूटी माझ्यासमोर आणून उभी केली. स्टँड लावला. हेल्मेट काढलं.

"तुम्ही शिकल्या-सवरलेल्या दिसताव," ती म्हणाली. "एक विचारू का?"

"विचारा."

"अक्कानं तुमचं काय वाकडं केलतं?"

"कोण अक्का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू दुसऱ्याच कशात बदलला. "आगं माय," ती म्हणाली. "तुमाला माहीतच न्हाई की काय?"

तिनं माझा हात धरला. खरोखर मनगट धरलं, लेकराचं धरतात तसं, आणि रस्ता ओलांडून मला त्या स्टेशनरीच्या दुकानात नेलं. म्हातारी वह्यांचा गठ्ठा सोडत होती.

"अक्का, हिला कपाट दाखव."

"कशाला आता?"

"दाखव म्हणते ना."

काउंटरच्या मागं लोखंडी कपाट होतं, हिरवं, एका बाजूनं पोपडे निघालेलं. म्हाताऱ्या अक्कांनी उजवं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, काळ्या मार्करनं नंबर लिहिलेले होते. नावं नव्हती. मुरूडची, आणि पुढं नंबर. धर्माबादची, नंबर. जुळ्यांची. बँकेतली. रिक्षावाला पांढरी दाढी. रिक्षावाला दुसरा. काही ओळी पुसून त्यावर नवं लिहिलेलं, काही इतक्या जुन्या की ती लेकरं आता कॉलेजात असतील.

"शाळेनं न्हाई केलता फोन," मुरूडची म्हणाली. "शाळेचा फोन आमच्या मालकाला जातो. ते आडतीत. सौदा चालू असला की फोन उचलायचं सोडा, बघतबी न्हाईत. इथं सगळ्याजणींचं तसंच हाय. शाळा येळेआधी सुटली की अक्का एकेकीला फोन लावते. दरवेळेस. लई वर्षांपासून."

मी खालची ओळ बघत होते. सगळ्यात शेवटची, सगळ्यात ताजी.

"नांदेडची". आणि पुढं काही नाही. दहा आकडे मावतील एवढी रिकामी जागा.

"हे कधी लिहिलं?" मी विचारलं.

"शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात," अक्का म्हणाल्या. "रिक्षावाल्यानं सांगितलं, नवीन लेकरू नांदेडचं हाय. म्हणलं, येईल आई. आल्यावर नंबर घालू."

"मग मला हाक का नाही मारली?"

"मी कशी मागू माय? तरण्याताठ्या सुनेला रस्त्यावर अडवून फोन नंबर मागायचा? लोक काय म्हणतील. ज्याचं लेकरू त्यानं येऊन सांगायचं असतंय."

आता मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "त्या बुधवारी बोलावत होत्या त्या तुम्हीच?"

"मीच की. आत ये म्हणलं, सावलीत बस, पाणी पी. न्हाई आली. हलली न्हाई जागची." अक्कांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट कौतुक होतं. "दोन गोळ्या घेऊन मी रस्ता ओलांडून गेले. घेतल्या न्हाईत. 'आई ओरडंल' म्हणली. मंग काय करता? वॉचमन टँकर बघायला निघाला होता, त्याला थांबवून आधी फोन लावायला लावला. परत येऊन हितं बसले, तिच्यावर डोळा ठेवून."

"दोन तास?"

"तू येस्तोवर."

मुरूडची म्हणाली, "अक्का रोज अकराला तासभर दुकान लावून घरला जाते. पूजा झाल्याबिगर जेवत न्हाई ती. त्या दिवशी तुझं लेकरू जाईस्तोवर दुकान लावलं न्हाई, पाणी सुद्धा तोंडात घातलं न्हाई. आन तू तिच्याच मशीनवर छापून घेतलंस, ती लेकरू पळवायली म्हणून."

"पळवायली असं लिहिलं नव्हतं," मी म्हणाले.

"मग काय लिवलंस?"

काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. पन्नास प्रती. तिच्याच हातनं कडा सरळ केलेल्या.

*

माझी आई इस्लापूरकडची. मी पाच वर्षांची असताना आम्ही नांदेडला राहायला आलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी तिनं धपाट्यांचा डबा भरला, मला बखोटीला धरलं आणि गल्लीतल्या एकेका दारी नेलं. प्रत्येक दारात एकच बोलणं. "आम्ही त्या कोपऱ्याच्या खोलीत आलोत. ही माझी लेक. इकडंतिकडं दिसली तर घरला धाडा." मला इतकी लाज वाटायची. मोठी झाल्यावर मी तिला त्यावरून चिडवायची, काय घरोघरी हजेरी लावत फिरायचीस म्हणून. ती म्हणायची, हजेरी माझी नव्हती, तुझी होती.

लातूरला आल्यावर आईनं फोनवर विचारलं होतं, "आजूबाजूला जाऊन आलीस का?" मी म्हणाले होते, आता तसं कुणी करत नाही आई, सगळं ग्रुपवर असतं.

शाळेचा ग्रुप होता. त्यात सगळे बाप होते.

मी अक्कांची माफी मागितली. ती कशी मागितली ते लिहीत नाही, नीट जमली नाही एवढंच सांगते. पण आमच्या संघटनेत एक नियम होता आणि मी तो आजही पाळते. पत्रकात चूक झाली तर दुसरं पत्रक काढायचं, त्याच आकाराचं, त्याच अक्षरात. तोंडी माफी चालत नाही. मी रात्र न घालवता, तिथंच काउंटरवर उभी राहून, वहीचा कागद मागून लिहायला घेतलं. "चौथा मुद्दा खोटा आहे. ती बाई अनोळखी नव्हती. अनोळखी मी होते."

"हे पन्नास काढा," मी म्हणाले.

अक्कांनी वाचलं. "न्हाई काढणार."

"का?"

"माझ्याबद्दल पेपरात काय लिहू नको. एकदा लिवलंस तेवढं लई झालं." त्यांनी मार्करचं टोपण काढलं. "नंबर सांग."

मी नंबर सांगितला. कपाटाच्या दारावर तो लिहिला गेला. दहा आकडे बरोबर मावले.

पत्रक मी दुसरीकडून काढलं आणि वाटलं. अक्का माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पण धर्माबादच्या बाईनं त्या दिवशी कागद परत दिला नाही. वाचून म्हणाली, "बरं केलास. पण एवढं मोठं अक्षर कशाला? आम्ही काय आंधळे हाओत का?" आणि सगळ्याजणी हसल्या. मी लिंबाखालून घोळक्यात आले ती त्या दिवशी.

*

इथं थांबले असते तर ही गोड गोष्ट झाली असती. मी थांबले नाही, कारण गोष्ट गोड नव्हती. दोन-अडीचशे लेकरांच्या शाळेचं काम एक सत्तरीची बाई बिनबोभाट करत होती, आणि शाळेला वाटत होतं की आपली व्यवस्था उत्तम चाललीय. कधी कुणाची तक्रार आली नाही, असं क्लार्क मला अभिमानानं म्हणाला होता. येणार कशी? तक्रार व्हायच्या आधी अक्का फोन लावत होत्या.

हे मी घोळक्यात बोलून दाखवलं, तर मुरूडची म्हणाली, "चाललंय ना? मग कशाला खाजवायचं?"

त्याचं उत्तर अक्कांनीच दिलं, तेही नकळत. त्यांची मुलगी उदगीरला असते. तिच्या लेकीचं बाळंतपण दसऱ्याच्या सुमारास. "मी दोन-अडीच म्हैने न्हाई," त्या म्हणाल्या. "दुकान बंद राहील."

कपाटाला कुलूप लागलं की एकाच वेळी सगळ्यांची लेकरं पायरीवर येणार होती.

"नंबर रजिस्टरला जायला पाहिजेत," मी म्हणाले. "आपले."

"आमचे मालक ऐकणार न्हाईत," एक जण म्हणाली. "म्हणतील, तुझा नंबर शाळेत कशाला? उद्या कोणबी सर फोन करंल."

पूर्वीची मी असते तर समतेवर वीस मिनिटं बोलले असते. जिभेवर आलं होतं. मी एवढंच विचारलं, "सौद्यात असताना ते फोन उचलतात का?"

"देव आला तरी न्हाई."

"मग त्यांना सांगा, त्यांचा नंबर कुणी काढत नाही. शेजारी अजून एक लिहायचा. त्यांचा सौदा मोडू नये म्हणून."

"हे चालंल," मुरूडची म्हणाली. "हे असं सांगितलं की त्यांना त्यांचंच डोकं वाटंल."

मला ही तडजोड तेव्हाही आवडली नाही, आताही आवडत नाही. आईचा नंबर पहिला असायला पाहिजे. पण लेकीचा प्रश्न पहिला-दुसरा नव्हता. तुला कळणार कसं, हा होता.

मी अर्ज लिहिला. पत्रक नाही. सहा ओळी, उद्गारचिन्ह एकही नाही. खाली सह्या. सह्या करताना मला पहिल्यांदा कळलं की मुरूडच्या बाईला नाव आहे आणि ते फार सुंदर आहे. ते इथं सांगणार नाही. तिनं ते शाळेला दिलं, तुम्हाला नाही.

शनिवारी पालकसभा होती. आम्ही पंधरा-सोळा जणी गेलो. अक्का आमच्याबरोबर आल्या. इतकी वर्षं गेटसमोर बसून त्या गेटच्या आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होत्या, हे त्यांनीच सांगितलं.

मुख्याध्यापिकांनी अर्ज वाचला. "तुमचं म्हणणं योग्य आहे," त्या म्हणाल्या. "पण रजिस्टरचा नमुना वरून येतो. रकाना वाढवायचा अधिकार आम्हाला नाही."

माझं तोंड उघडलं होतं. अक्का आधी बोलल्या.

"मॅडम, शाळा मधीच सुटल्यावर वरून कोण येतंय का लेकराला न्यायला?"

मुख्याध्यापिकांनी अक्कांकडं पाहिलं. मला वाटतं, त्यांना तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की समोरच्या दुकानात कोण बसतं.

"मी उदगीरला चालले," अक्का म्हणाल्या. "माझ्या कपाटात जेवढे हायत तेवढे नंबर तुम्हाला देते. तुम्ही लिहून घ्या. मी परत येईन का न्हाई, त्याचा भरवसा धरू नका."

मुख्याध्यापिकांनी पट्टी मागवली. लाल पेननं, पहिलीच्या रजिस्टरला, शेवटच्या रकान्याच्या बाहेर, समासात एक उभी रेघ ओढली. क्लार्क म्हणाला, "मॅडम, तपासणी." त्या म्हणाल्या, "मी सांगेन." आणि वर लिहिलं: दुसरा नंबर, आधी इथं लावावा.

आधी इथं. ते दोन शब्द आम्ही मागितले नव्हते. त्यांनी स्वतःहून लिहिले. त्यांनाही लेकरं असतील.

फक्त पहिलीला. बाकी वर्गांचं पुढच्या वर्षी बघू, असं सभेत सांगण्यात आलं. दुसरी, तिसरी, चौथीच्या आया तिथंच उठल्या आणि मला विचारलं, अर्ज कसा लिहायचा. त्यांचे अर्ज गेलेत. पुढच्या वर्षीची वाट आम्ही बघणार नाही, हे मी सभेत उभी राहून सांगितलंय आणि इथंही सांगते.

दसऱ्यानंतरच्या एका मंगळवारी वायरिंग जळालं म्हणून शाळा दहाला सुटली. समोरचं दुकान बंद होतं. दहा वाजून सात मिनिटांनी माझा फोन वाजला. क्लार्क होता. मी पोचले तेव्हा लेक गेटच्या आत उभी होती, वॉचमनच्या शेजारी, मुरूडच्या पोराशी भांडत.

"तुला फोन आला?" तिनं विचारलं.

"आला."

तिनं मान हलवली आणि भांडण पुढं चालू केलं. त्यानंतर सकाळी बूट घालताना तिनं तो प्रश्न विचारलेला नाही.

आता तुमचं काम. तुमचं लेकरू, नातवंड, भाचा, जो कोणी शाळेत जातो त्याच्या शाळेत उद्या जा. परवा नाही. रजिस्टर उघडायला लावा आणि तुमच्या लेकराच्या ओळीवर बोट ठेवा. तिथं ज्याचा नंबर आहे तो माणूस भर दुपारी फोन उचलतो का, हे स्वतःला खरं सांगा. उचलत नसेल तर जो उचलतो त्याचा नंबर तुमच्या डोळ्यांदेखत लिहून घ्या, आणि लिहिल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मग गेटसमोर ज्याचं दुकान असेल त्याच्याकडं जा, आपण कुठून आलो ते सांगा, आणि त्यानं तुमच्यासाठी ठेवलेली जागा भरून या.